थकलेली शिलाई

ख्रिस्ती माणसानं देवाचं चित्र काढावं की नाही, पडद्यावर ख्रिस्त दाखवावा की नाही, यावरची पुस्तकं मी पुढे वाचली. ती वाचताना डोकं शाबूत राहिलं, याचं श्रेय माझ्या आत्याला.

आत्यानं लग्न केलं नाही. वसईतल्या आमच्या गावच्या देवळाचं सगळं शिवणकाम तिच्याकडे असे: वेदीवरची वस्त्रं, मिस्सेत सेवा करणाऱ्या पोरांचे झगे, गुड फ्रायडेच्या नाटकाचे पोशाख. पण तिच्या मानाचं काम वेगळं होतं. उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी देवळातले क्रूस आणि पुतळे जांभळ्या कापडानं झाकायचे. क्रूस उघडतो तो गुड फ्रायडेला, पुतळे ईस्टरच्या जागरणापर्यंत झाकलेलेच. ते गिलाफ आत्या शिवायची.

सगळ्यांत छळायचा तो संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेल्या या आमच्या संताला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात, नागासाकीला, क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. १८६२मध्ये त्याला संतपद मिळालं. त्यामुळे पुतळ्याला भाले आलेच, आणि भाल्याच्या टोकाला कापड अडकून टर्रकन फाटे. आत्या तिथं आतून मांजरपाटाचं दुहेरी ठिगळ लावी. तोंडात टाचण्या धरून ती स्टुलावर चढे, खाली स्टूल धरायला मी.

शाळेत माझा एक प्रॉटेस्टंट मित्र होता, नगरकडचा. त्यांच्या घरी भिंतीवर नुसता क्रूस, त्यावर ख्रिस्त नाही. त्यानं एकदा बायबल उघडून निर्गमाचा विसावा अध्याय माझ्यापुढे धरला: कोरीव मूर्ती करू नकोस, अशी आज्ञा आहे, मग तुमच्या देवळात एवढे पुतळे कसे? मी तो प्रश्न तसाच आत्याकडे आणला.

मशीन न थांबवता ती म्हणाली, ‘‘पुतळा म्हणजेच देव असता, तर त्याच्या तोंडावर फडकं टाकायची माझी छाती झाली असती का? देव दाखवणाऱ्याला तो झाकताही आला पाहिजे, बाबा.’’

पुढे कळलं की या प्रश्नावर ख्रिस्तसभेत शंभरेक वर्षं रणं माजली होती, चित्रं फोडली-जाळली गेली होती. ७८७मध्ये निकायाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनं निवाडा दिला: चित्राला मान द्यावा, आराधना मात्र एकट्या देवाची. दमास्कसच्या संत योहानाचा युक्तिवाद असा, की देवानंच देह धारण केला, तेव्हा तो रेखाटता येतो. आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

देवळाच्या पटांगणात कापडी पडदा बांधून ‘दयासागर’ दाखवला होता. १९७८च्या ‘करुणामयुडू’ या तेलुगू चित्रपटाचा तो हिंदी अवतार. पडद्यावर ख्रिस्त आला की बायका क्रुसाची खूण करायच्या. आत्याही पदर ओला होईपर्यंत रडली. सकाळी विचारलं तर म्हणाली, ‘‘नट चांगला होता.’’ दादासाहेब फाळक्यांनीही गिरगावात ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण उभा राहिला आणि १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पडद्यावर एक दिसतो आणि मनात दुसराच उमटतो, हे नट चांगला असल्याचंच लक्षण.

घरच्या येशूहृदयाच्या तसबिरीत ख्रिस्त गोरापान, निळ्या डोळ्यांचा. कॉलेजात असताना मी पुण्याहून आंजेलो दा फोन्सेकाच्या एका चित्राची प्रत आणली. हा गोव्याचा चित्रकार (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकला. त्यानं मरीयेला साडी नेसवली. गोव्यात टीका झाली, तेव्हा पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यानं चित्रं काढली. घरातले वडीलधारे ते चित्र पाहून नाराज झाले. आत्यानं खिळा मागितला आणि ते तसबिरीशेजारी टांगलं. ‘‘एकच चित्र असलं की तेच खरं वाटायला लागतं,’’ म्हणाली.

माझ्या मते वादाचा खरा मुद्दा हाच आहे. चित्र काढण्यात पाप नाही. एका चित्रावर अडून बसण्यात आहे. आज एआयनं बनवलेले गुळगुळीत ख्रिस्त रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येतात. ते झाकायला कुणाला सवड नाही.

गुड फ्रायडेचं नाटक आता मी बसवतो. येशू झालेल्या पोराला नियम एकच: प्रयोग संपला की रंग पुसायचा, झगा उतरवायचा आणि बाकीच्यांबरोबर खुर्च्या उचलायच्या. त्या वेशात सेल्फी नाही. पोरं कुरकुरतात, आया रागावतात. मी ऐकत नाही.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. देवळाच्या जुन्या वह्यांत जांभळ्या कापडाची बिलं आहेत. शिलाईचा रकानाच नाही, कारण तिनं ती कधी घेतली नाही. ती माझ्या नावावर थकली आहे असं मी धरतो, आणि दर उपवासकाळात थोडी थोडी फेडतो.