बिडाचा ब्लॉक

निस्सान २४०एसएक्सला कंपनीच्या मूळ इंजिनावरच टर्बो चढवावा, की ते उपटून जपानी सिल्व्हियाचं एसआर२० बसवावं, या प्रश्नाला २००० सालाच्या आसपास आमच्या एडिसनमध्ये ग्रीन कार्डाच्या खालोखाल महत्त्व होतं. निदान बापूच्या गॅरेजात तरी. बाकीचं न्यू जर्सी घरांचे हप्ते आणि मुलांच्या शाळा यांवर बोलत असे. आम्ही शनिवारी रात्री जेवणं उरकून त्या गॅरेजात जमायचो आणि दोन-तीन हजार डॉलरला मिळणाऱ्या जुन्या दोन-दारी गाड्यांतून किती घोडे काढता येतील, यावर घसे कोरडे करायचो.

मंडळी ठरलेली. एक डोंबिवलीकर होंडाचा भक्त. त्याची इंटेग्रा जीएस-आर, १.८ लिटरात १७० हॉर्सपॉवर, तेही ७,६०० फेऱ्यांना. बापू म्हणायचा, तेवढ्या फेऱ्या मारायला लावल्या तर मिक्सरसुद्धा ताकद दाखवेल. दुसरा सदाशिव पेठेतला, पोर्शे ९४४वाला. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असल्यामुळे वजन कसं समसमान वाटलं जातं, हे तो प्रत्येक वेळी नव्यानं समजावून सांगे. टायमिंगचा पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून सगळं इंजिन भिकेला लागतं, हे मात्र आम्हालाच त्याला आठवून द्यावं लागे. पण हे दोघे तोंडी लावण्यापुरते. खरा सामना बापूचा नि माझा.

गाडी बापूची: काळी, मागे उतरत गेलेल्या काचेची, दिवे लावले की डोळे उघडणारी. मागच्या चाकांवर चालणारी, वजनाला बेताची, मागचं सस्पेन्शन तिच्या किमतीला न शोभण्याइतकं चांगलं. एवढं सगळं देऊन निस्साननं अमेरिकेत तिच्यात २.४ लिटरचं बिनटर्बोचं इंजिन घातलं, केए२४. सुरुवातीला १४० हॉर्सपॉवर, १९९१पासून डबल कॅम आणि १५५. त्याच सांगाड्यात जपानातल्या गिऱ्हाइकाला मात्र दोन लिटरचं टर्बो एसआर२० मिळत होतं, दोनशेच्या वर घोड्यांचं. तिकडे जुन्या गाडीची सक्तीची तपासणी महाग पडते, म्हणून लोक गाड्या लवकर काढून टाकतात. त्यांची इंजिनं वायरिंग-गिअरबॉक्ससकट जहाजानं अमेरिकेत येत. माझं म्हणणं सरळ होतं. जे इंजिन मुळातच टर्बोसाठी जन्मलं, ते आणा नि बसवा. केए२४च्या घराण्याचं इंजिन निस्साननं पिकअपमध्येही घातलंय. ट्रकचं इंजिन कसलं पळवताय?

ट्रकचं इंजिन म्हटलं की बापू पेटायचा.

तो कोल्हापूरचा. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं दुकान होतं. शेतातल्या विहिरींवर बसणाऱ्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग तिथं व्हायचे. शाळा सुटली की दप्तर कोपऱ्यात टाकायचं आणि बिडाचा भुसा झाडायचा, असं याचं बालपण. केए२४चा ब्लॉक बिडाचा, एसआर२०चा ॲल्युमिनियमचा. संपला विषय. "मर्दा, बीड हाय ते," असं म्हणून तो ब्लॉकवर असा हात ठेवायचा की जणू बैलाची पाठ. बीड ठिसूळ असतं, तापलं की तडकतं, असं मी म्हटलं की तो विचारायचा, तुझ्या एसआरचे रॉकर आर्म फेऱ्या चढल्या की निसटतात त्याचं काय? मग मी पिस्टनवर यायचो. केएचं कॉम्प्रेशन साडेनऊ, एसआरचं साडेआठ. ओतीव पिस्टनवर साडेनऊला बूस्ट दिलास तर पिस्टनचे तुकडे तेलाच्या टाकीत वेचशील. तो म्हणे, सात-आठ पौंडाच्या वर मी जाणारच नाही. मी म्हणे, आजवर सात-आठ पौंडावर कोण थांबलाय?

वाद घालताना तो अडाणी वाटेल, पण इंजिनाचं त्याला कळायचं तसं मला कधी कळलं नाही. एकदा थंड इंजिन चालू केल्यावर कुठेतरी बारीक खडखड यायला लागली. मी व्हॉल्व्ह म्हणालो, डोंबिवलीकर म्हणाला इंजेक्टर. बापूनं लांब पेचकस घेतला, टोक साखळीच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. टोक बोटभर सरकवलं, पुन्हा ऐकलं. मग पेचकस माझ्या हातात दिला. मूठ कानाला लावताच गॅरेजातले सगळे आवाज गेले आणि आत, अगदी जवळ, साखळी प्लॅस्टिकच्या पट्टीवर घासत असल्याचं साफ ऐकू आलं. वरची ती पट्टी झिजते, हा या इंजिनाचा जुना रोग. बापूनं ती काढूनच टाकली. खडखड थांबली.

एवढा हात असूनही टर्बो मात्र त्यानं कधी चढवला नाही. खोकी येत राहिली: मॅनिफोल्ड, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर. फळीवर चढत राहिली. दरम्यान आम्ही ती गाडी तशीच इंग्लिशटाऊनच्या रेसवे पार्कला न्यायचो. पाव मैल सरळ पट्टा, पिवळे दिवे उतरत येतात, हिरवा लागला की पाय. त्याची गाडी सोळा सेकंदांच्या आसपास घुटमळे. शेजारच्या मुस्टँगचे मागचे दिवे बघत तो यायचा आणि वेळेची चिठ्ठी खिशात घालून म्हणायचा, टर्बो नसताना एवढं, तर असल्यावर किती?

२००८च्या जूनमध्ये त्याच ट्रॅकवर स्कॉट कॅलिटा गेला. नायट्रोवर चालणारी त्याची फनी कार पट्ट्याच्या शेवटी थांबलीच नाही. त्यानंतर त्या वर्गाच्या गाड्यांची शर्यत पाव मैलावरून एक हजार फुटांवर आणली. बापूनं पुढे कित्येक दिवस इंग्लिशटाऊनचं नाव काढलं नाही. मग एका संध्याकाळी त्यानं न सांगताच गाडी बाहेर काढली.

२०१६मध्ये त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. आजार हाताबाहेर गेल्यावर सापडला होता. मी बघायला जायचो तेव्हा विषय तोच. एकदा त्याचा चेहरा बघून मला राहवलं नाही. म्हटलं, बापू, तुझंच बरोबर असेल, बीड ते बीड. तो उशीवरून डोकं उचलून असा संतापला की वहिनी आतून धावत आल्या. "आजारी माणसाला चढवू नगंस," म्हणाला. "भांड की मर्दा." मग मी भांडलो. रॉकर आर्मपासून सुरुवात केली. दिवाळीच्या आधी तो गेला.

रेसवे पार्कमधल्या ड्रॅग शर्यती २०१८च्या जानेवारीत कायमच्या बंद झाल्या. १९६५पासूनचा ट्रॅक. डोंबिवलीकरानं फोनवर सांगितलं, आणि दोघांनाही पुढं काय बोलावं सुचेना. आता तो टेस्ला चालवतो. सदाशिव पेठेचा पट्टा अखेर तुटलाच.

वहिनींनी गाडी विकायला सांगितली तेव्हा आकडे बघून मी चाट पडलो. स्वस्त म्हणून जिच्यावर आम्ही जीव टाकला, ती स्वस्त राहिलीच नव्हती. ड्रिफ्टिंगवाल्या पोरांनी अर्ध्याअधिक गाड्या भिंतींवर घातल्या, उरलेल्यांना भाव आला. वाढीव पैशाला लोक ड्रिफ्ट टॅक्स म्हणतात. आमच्यासारख्या नव्यानं आलेल्या पोराला दोन पगारांत अशी गाडी आता मिळायची नाही.

घ्यायला एक विशीतला मुलगा आला. सांगाडा सरळ आहे का, गंज किती, एवढंच विचारलं. मी न राहवून म्हटलं, यात एसआर घालणार का? तो हसला. शेव्हरलेचं व्ही-एट घालणार होता, हल्ली तेच घालतात. आमचा वाद त्याला ठाऊक होता, पण आपल्याला पानिपत ठाऊक असतं तसा. खोकी त्याला नको होती. ती माझ्या तळघरात आहेत. माणूस गेला म्हणून त्याचं म्हणणं बरोबर ठरत नाही. साडेनऊच्या कॉम्प्रेशनवर ते पिस्टन टिकले नसते, हे मी आजही लिहून देईन.

केए२४ त्या मुलानं पुढच्याच महिन्यात उतरवलं आणि विकलं. घेणारा घरांपुढची हिरवळ कापायची कामं घेतो. थोडी खटपट करून त्यानं ते आपल्या जुन्या निस्सान पिकअपला बसवलं आणि मागं गवत कापायची यंत्रं लादून आता रोज फिरतो. इंजिन कुरकुर करत नाही म्हणे. बापूनं ही गोष्ट बिडाच्या खात्यावर जमा केली असती, आणि मी ट्रकच्या.