खारे वारे, मतलई वारे

'खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक स्पष्ट करा.' दोन मार्कांचा प्रश्न, सगळ्यांनी रट्टा मारलेला. विंडसर्फिंग शिकताना कळलं, की जीव त्याच दोन मार्कांवर टांगलेला असतो!

कोकण-गोव्याकडे दुपारी वारा समुद्राकडून येतो. तो खारा. काही बिघडलं तरी किनाऱ्याकडेच ढकलतो. पहाटेचा मतलई मात्र पक्का मतलबी. किनाऱ्यालगत लाटा उठायला त्याला जागाच नसते, त्यामुळे पाणी तळ्यासारखं दिसतं... आणि तो आपल्याला आत आत नेतो.

गोव्यात एका दुपारी शीड आणि बोर्ड जोडणारा रबरी सांधाच तुटला. किनारा अर्धा किलोमीटर तरी लांब. अशा वेळी आधी बोर्ड धरायचा, कारण तो वाऱ्याबरोबर झपाट्याने पळतो. मग शीड डोलकाठीभोवती गुंडाळायचं, बोर्डावर ठेवायचं, वर पालथं पडून हातांनी वल्हवायचं. नाहीच जमलं तर शीड सोडायचं. बोर्ड कधीच नाही! पाण्यात नुसतं डोकं कोणाला दिसणार? मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करायचे.

चाळीस मिनिटांत किनाऱ्याला लागलो. निम्मं श्रेय खाऱ्या वाऱ्याचं. नुसत्या कसबावर भागत नाही. अर्नो द रोने हा कसलेला फ्रेंच विंडसर्फर १९८४ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीत बेपत्ता झाला, तो सापडलाच नाही.

असो. हल्ली मी पाण्याआधी माड बघतो. झावळ्या समुद्राकडे झुकल्या असतील, तर निवांत चहा मागवतो आणि दुपारची वाट बघतो.