क्रेऑनचा हुकूम

परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाचे वाचन बहुधा बेशिस्त असते. घरची पुस्तके पुण्यात किंवा नागपुरात राहिलेली, संध्याकाळी मनमोकळे बोलायला माणसे थोडी. मग जे हाती पडेल ते तो वाचतो. चेन्नईत माझ्या हाती पडले ते सोफोक्लीजचे ‘अँटिगनी’. पायक्रॉफ्ट्स रोडवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेले ते एक इंग्रजी भाषांतर होते. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ मराठीत आणल्यामुळे बाप आपल्या परिचयाचा आहे. त्याच्या या लेकीची विचारपूस मात्र आपल्याकडे त्या मानाने कमीच होते.

कथा चार ओळींची आहे. थीब्जच्या गादीसाठी दोघे भाऊ लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. मामा क्रेऑन राज्यावर येतो व हुकूम काढतो की, नगराचे रक्षण करणाऱ्या भावाला सन्मानाने मूठमाती द्यावी. परक्यांची फौज घेऊन आलेल्या पॉलिनायसीसचे प्रेत मात्र उघड्यावर कुत्र्या-गिधाडांसाठी टाकावे. हा हुकूम मोडील त्याला भर नगरात दगडांनी ठेचून मारावे. बहीण अँटिगनी हुकूम मोडते, प्रेतावर हाताने माती लोटते आणि पकडली जाते. तिला जिवंतपणी गुहेत कोंडण्यात येते. पुढे क्रेऑनला उपरती होते, पण तोवर ती गेलेली असते. तिच्यापाठोपाठ तिच्याशी लग्न ठरलेला क्रेऑनचा मुलगा आणि मग त्याची राणीही.

कॉलेजात हे नाटक वाचणारा प्रत्येक जण अँटिगनी असतो. वीस-पंचवीस वर्षे सरकारी टेबलामागे काढल्यावर ते वाचले, की दृष्टी अपरिहार्यपणे क्रेऑनकडे वळते. त्यात नवल नाही, कारण लिहिणारा स्वतः आमच्यातलाच होता. इसवी सनापूर्वी ४४३-४४२ या वर्षी सोफोक्लीज अथेन्सच्या मित्रराष्ट्रांकडून येणाऱ्या खंडणीच्या खजिन्याचा एक अधिकारी होता आणि त्यानंतर थोड्याच काळात पेरिक्लीजच्या बरोबरीने सेनापतीही झाला. म्हणून की काय, त्याने क्रेऑनला खलपुरुष केलेले नाही. कालच यादवी संपली आहे, नगर थोडक्यात वाचले आहे, फितुरीचे भय सर्वत्र आहे. अशा वेळी नवा राज्यकर्ता कडक हुकूम काढतो. माणसाची खरी पारख त्याच्या हाती कारभार आल्यावरच होते, अशा अर्थाचे त्याचे पहिलेच भाषण इतके समंजस आहे की, पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी डिमॉस्थेनीजने ते न्यायासनापुढे एका प्रतिपक्षी मुत्सद्द्याला लाजविण्यासाठी वाचून दाखविले. कोणत्याही सचिवालयात ते आजही शोभून दिसेल.

आणि तो पहारेकरी! हुकूम कोणीतरी मोडला आहे ही बातमी क्रेऑनला सांगायला जायचे कोणी, यासाठी शिपायांनी चिठ्ठ्या टाकलेल्या असतात आणि नेमकी याच्या नावाची निघते. तो वाटेत दहादा थांबतो, आल्यावर आधी स्वतःचा निर्दोषपणा सांगतो आणि मग मूळ मजकुरावर येतो. वाईट बातमीची फाइल वर नेणारा माणूस सोफोक्लीजने फार जवळून पाहिला असला पाहिजे.

आपल्या परंपरेत क्रेऑनचा हा हुकूम टिकला नसता, असे मला प्रथम वाटले. वैर मरणाबरोबर संपते असे सांगून राम बिभीषणाला रावणाचे उत्तरकार्य करावयास लावतो. युद्ध संपल्यावर युधिष्ठिर दोन्ही पक्षांतील मृतांचे, ज्यांना मागे कोणी उरले नाही त्यांचेही, दहन करवितो. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहेच. हा अभिमान मला चेन्नईत फार दिवस बाळगता आला नाही.

१९ एप्रिल २०२० रोजी येथील डॉ. सायमन हर्क्युलिस हे मज्जाशल्यविशारद करोनाने वारले. किल्पॉकच्या दफनभूमीत त्यांना नेऊ नये म्हणून तेथे जमाव जमला. प्रेतामुळे रोग पसरेल, ही अफवा. मग रुग्णवाहिका अण्णा नगरकडील वेलंगाडूच्या दफनभूमीकडे वळली, तर तेथे दगड आणि काठ्या आल्या. काचा फुटल्या, माणसे जखमी झाली, घरच्यांना तेथून निघावे लागले. अखेर त्यांचे एक सहकारी डॉक्टर रुग्णालयातील दोघा सेवकांना घेऊन पोलिसांच्या बंदोबस्तात रात्री परत गेले आणि त्यांनी स्वतःच माती लोटली. दुसऱ्या दिवशी ही वार्ता वाचताना मला अँटिगनीची मूठभर धूळ आठवली. आमच्या वसाहतीतील सुशिक्षित मंडळीही हळहळत होती, पण हळहळ संपताच कोणीतरी म्हणे, ‘तरी पण वस्तीजवळच कशाला?’

येथे नाटक उलटे झाले होते. थीब्जमध्ये हुकूम राजाचा आणि नगर मनातून मुलीच्या बाजूचे. क्रेऑनचा मुलगा बापाला तेच सांगतो, की अंधारात लोक तिच्यासाठी हळहळत आहेत. चेन्नईत हुकूम कोणाचाच नव्हता. तो जमावाने काढला आणि दगडांची शिक्षाही जमावानेच अंमलात आणली. उलट न्यायालय दुसऱ्याच दिवशी म्हणाले की, घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीवनाच्या हक्कात सन्मानाने होणारा अंत्यविधीही येतो. आठवडाभरात राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि अशा विधीस अडथळा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. इतकी तत्परता आपण सरकारी माणसे क्वचितच दाखवितो. तिचे श्रेय द्यायला हवे.

परंतु डॉक्टरांच्या पत्नीची मागणी वेगळी होती. किल्पॉकलाच मला पुरावे, ही पतीची अखेरची इच्छा होती. प्रेत तेथे हलवू द्यावे, एवढेच त्या मागत होत्या. तज्ज्ञांच्या अभिप्रायाचा आधार घेऊन महापालिकेने मे २०२० मध्ये ती नाकारली. तो नकार उच्च न्यायालयाने रद्द केला तेव्हा मार्च २०२१ संपत आला होता. नकार लिहिणाऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. त्या दिवसांत रोगाविषयी कोणालाच फारसे कळत नव्हते आणि अभिप्राय समोर असताना त्याविरुद्ध सही करायला छाती लागते. तरीही हिशेब राहतोच: साऱ्या राज्यासाठी नियम एका आठवड्यात झाला, आणि ज्या बाईमुळे तो झाला तिच्या एका अर्जाला जवळजवळ अकरा महिने लागले.

या हिशेबामुळेच मी नाटकाचा शेवट पुन्हा काढून वाचला. हेगेलने म्हटले की येथे दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. मला ते पटत नाही. आंधळा टायरेशियस देवांचा कौल स्पष्ट सांगतो आणि क्रेऑन तो अखेर मानतो. माझे लक्ष गेले ते त्याने तो कसा मानला याकडे. नगरातील वृद्ध त्याला सांगतात, आधी जाऊन मुलीला सोडव, मग त्या मृताचे थडगे बांध. क्रेऑन लगबगीने निघतो, पण क्रम बदलतो. तो प्रथम माळावर जातो, प्रेताचे उरलेसुरले अवशेष धुतो, ते यथाविधि जाळतो, वर मातीचा उंच ढिगारा रचतो. हुकूम ज्या विषयाचा होता त्या विषयाची दुरुस्ती तो आधी पुरी करतो; त्यात कसलीच उणीव राहू देत नाही. मग गुहेकडे वळतो. तेथे जिवंत माणूस होते.