माजघरातील खोपा

चि. मुक्ता हीस चुलत आजोबांचे पत्र.

माजघराच्या आढ्याला टांगलेली जी वस्तू चि. मुक्ताला फोनच्या पडद्यावर वाळलेल्या दुधीसारखी दिसली, ती सुगरण पक्ष्याचा खोपा होय. खोपा म्हणजे गवताच्या व झावळ्यांच्या पात्यांतून काढलेल्या धाग्यांनी विणलेले, खालच्या बाजूस नळीसारखा प्रवेशमार्ग असलेले लोंबते घरटे. फोनवरच्या त्याच संभाषणात तिने बर्लिनमधील सॉफ्टवेअरची नोकरी सोडून पक्षिसंरक्षणाच्या कामास लागण्याचा विचार बोलून दाखवला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांपैकी आता प्रस्तुत पत्रलेखकच उरला आहे.

मराठीने पक्ष्यांना माणसांचे धंदे वाटून दिले आहेत: शिंपी, सुतार, परीट आणि गृहकृत्यात निपुण अशी ही सुगरण. (चि. मुक्ताला यांतील एकच नाव आठवले, तेही प्रथम इंग्रजीत. ही तक्रार नव्हे, नोंद आहे.) नाव स्त्रीलिंगी असले तरी विणकाम नराचे असते. तो खोपा अर्धा विणून थांबतो, मादी येऊन पारख करते, आणि तिला तो पसंत पडला तरच खालची नळी विणून काम पुरे केले जाते. मादी अंडी उबवू लागली की नर दुसरा खोपा आरंभतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एका विणीच्या हंगामात एका नराने अशा रीतीने एकामागून एक अनेक माद्यांशी संसार मांडण्याचा हा क्रम पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी १९३० साली येथून जवळच असलेल्या किहीम गावी टिपला. किहीमला ते संशोधनाची मोहीम काढून आलेले नव्हते; नोकरी गेली म्हणून येऊन राहिले होते.

सालिम अलींचा जन्म १८९६ सालचा. महाविद्यालय अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे कुटुंबाच्या व्यवसायात गेले. हा व्यवसाय लाकडाचा आणि वुल्फ्रॅमचा, म्हणजे ज्यापासून टंगस्टन धातू काढतात त्या खनिजाचा होता. भोवतालच्या रानात पक्षी पुष्कळ असल्याने लक्ष व्यापारात कितपत राहिले असेल ते सांगणे नलगे. पुढे मुंबईत हिशेबशास्त्र आणि प्राणिशास्त्र या दोन्हींचा अभ्यास झाला, तरी विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षण विभागातील जागा हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्यात्याचे पद मिळाले. त्यातून रजा काढून ते बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकले, आणि परत येऊन पाहतात तो पैशांअभावी पदच रद्द झालेले. चि. मुक्ताने त्या शहरात पाच वर्षे काढली. एखाद्या रविवारी तरी तिने ते संग्रहालय पाहावे.

यापुढची हकिगत ‘छंदालाच व्यवसाय केले’ अशा एका वाक्यात उरकली जाते, आणि ती तशी उरकणे हा अन्यायच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे, म्हणजे १८८३ साली स्थापन झालेल्या निसर्ग-अभ्यासाच्या संस्थेपुढे, सालिम अलींनी असा प्रस्ताव मांडला की संस्थानांतील पक्ष्यांचे सर्वेक्षण आपण विनावेतन करू, प्रवासाचा व तळाचा खर्च तेवढा मिळावा. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन ही कामे अशा अटीवर झाली. पगार न घेणारा माणूस हे करू शकला, कारण पत्नी तहमिना यांनी ते जगणे पत्करले. सुखवस्तू घरातल्या या बाई जंगलातल्या तळांवर त्यांच्यासोबत राहिल्या. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. पुढचे सर्व, म्हणजे १९४१ चे पक्ष्यांवरील पुस्तक, भरतपूरच्या पक्ष्यांच्या पाणथळीसाठी टाकलेला शब्द, पद्मविभूषण, त्यांच्यामागून आले.

आता आढ्यावरचा खोपा. तो पत्रलेखकाच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे चि. मुक्ताच्या सख्ख्या आजोबांनी, वाडीतल्या विहिरीवर वाकलेल्या शिंदीखालून आणला. कोयनेच्या भूकंपानंतरचा तो पहिला पावसाळा होता की दुसरा, हे नक्की सांगता येत नाही. वाऱ्याने पडलेला, ओला, हिरवट वासाचा खोपा त्यांनी पंचात गुंडाळून आणला होता, एवढे मात्र नक्की. खोप्याच्या आत भिंतीला चिखलाचे गोळे चिकटवलेले असतात. उजेडासाठी पक्षी त्यांत काजवे खोचतो, अशी लोकसमजूत आहे. बंधूंनी तो दिव्याजवळ धरून करंगळी आत घातली आणि गोळे मोजले, काजवा एकही नव्हता, आणि हा निष्कर्ष त्यांनी जेवणाच्या पंगतीत एखाद्या संशोधकाच्या गांभीर्याने जाहीर केला. गोळे सात होते. सनावळी पुसली गेली आहे, पण ती मातीने भरलेली करंगळी नाही.

त्या सुमारास सोसायटीचे स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालण्याचे मोठे काम चालू होते. बँकेची कायम नोकरी सोडून तेथे मदतनीस म्हणून जावे, असे बंधूंच्या मनाने घेतले. वडिलांचा विरोध अपेक्षितच होता. परंतु धाकट्या भावाने, जो तेव्हा नुकता मिळवता झाला होता, दोन वर्षे घर आपण चालवू असे म्हटले असते तर वडील नमले असते. धाकट्या भावाने तसे म्हटले नाही. उलट पाखरांनी कोणाचे पोट भरले आहे, असे विचारले, आणि बंधू निवृत्तीपर्यंत बँकेत राहिले.

म्हणून चि. मुक्ताला उपदेश करण्याचा अधिकार पत्रलेखकास फारसा नाही, तरीही तो करण्याची सवय सुटत नाही. तिने राजीनामा देण्यापूर्वी किमान एक पावसाळा एखाद्या वसाहतीचे निरीक्षण करून पाहावे. विणीचा हंगाम म्हणजे भिजणे, थांबणे आणि वहीत खाडाखोड करणे. नोंदी मराठीतही ठेवाव्यात. आणि संरक्षणाचे काम दूरदेशीच असते असे समजू नये: विहिरीवरची ती शिंदी शेजारच्या जमिनीची विक्री झाली तेव्हा तोडली गेली, आसपास आता कुंपणाच्या भिंती व पोहण्याचे तलाव आहेत, आणि गेल्या तीन पावसाळ्यांत वाडीत खोपा विणला गेलेला नाही.

पश्चिमेकडील खोलीची कौले यंदा पावसाआधी चाळून घेतली आहेत. खिडकीला जाळी बसवली असून टेबल व दिवा आहे. दोन वर्षांचा शिधा आणि विजेचे बिल हा या घराचा खर्च समजावा, त्याची वाच्यता तिच्या आईकडे तूर्त करू नये. खोपा जागचा हलवलेला नाही. त्यातला एक गोळा मध्यंतरी निखळून पडला, तो डबीत ठेवला आहे.