चिखलदऱ्याचा बेत

तीन वर्षे झाली, आमच्या घरी चिखलदऱ्याला जाण्याचा बेत शिजतो आहे. आष्टीहून वाट तशी सोपी: तळेगाव, अमरावती, परतवाडा आणि मग घाट. दादाच्या मुलांना ती पाठ आहे. थोरल्याला गाविलगड पाहायचा आहे. इंग्रजांनी तो १८०३ च्या डिसेंबरात भोसल्यांकडून घेतला, हे तो मास्तरांच्या थाटात सांगतो. धाकटीला हवे भीमकुंड. कीचकाला मारून भीमाने तिथे हात धुतले, ही कथा तिला आजीने, म्हणजे माझ्या आईने सांगितली. आईने स्वतः ते कुंड पाहिलेले नाही.

अडते ते दिवसांपाशी. मे महिन्यात शाळेला सुटी. पण तेव्हाच संत्र्याच्या आंबिया बहाराचे पाणी तुटले तर फळगळ ठरलेली. पावसाळ्यात तिकडे धुके नि धबधबे, इकडे पेरणी, डवरणी, निंदण. दिवाळीत कापसाची वेचणी. शेतकऱ्याच्या पंचांगात सुटी नावाचे नक्षत्रच नाही!

मग आई म्हणते, "तुम्ही सारे जा, मी घर सांभाळते." गुरांना, ओलिताला माणूस हवेच, पण ते दर वेळी तीच का? जी उन्हाळाभर चुलीपुढे बसते, तिलाच सुमारे ११०० मीटर उंचीवरचा तो गार वारा सर्वांत आधी मिळायला हवा.

यंदा यादी मी लिहिली आहे. पहिले नाव आईचे. ओलिताला मी थांबणार. मुलांना डोंगर दिसेलच. पण काम नसलेली आजी त्यांनी अजून पाहिलेली नाही, तीही दिसेल.