मावळांतील पावसाचा एक दिवस

गेल्या आषाढांत आम्ही नातवंडांसह मोटारीनें पुण्याहून लोणावळ्यास निघालों. तळेगांव, कामशेत मागें पडलें, तसा पाऊस वाढला. लोहगड-विसापूर ढगांत दिसेनासे झाले. मुलांना भुशी धरणावर भिजावयाचें होतें. परंतु ३० जून २०२४ रोजीं त्याच धरणामागील धबधब्यांत एका कुटुंबांतील पांच जण प्राणांस मुकले, हें स्मरून आम्हीं नकार दिला. मुलें रुसलीं. आपण उगीच भित्रे ठरलों कीं काय, असें आम्हांसहि वाटलें.

मोटार कार्ल्याकडे वळविली. एकवीरेचें दर्शन घेऊन चैत्यगृहांत शिरलों. देशांतील कोरींव चैत्यांत हें सर्वांत मोठें. छताच्या लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षें टिकल्या आहेत, आणि स्तंभांवर यवन दात्यांचेहि लेख आहेत. भिक्षु पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणींच राहत, तो वर्षावास, असें आम्हीं सांगितलें.

"म्हणजे तेहि पावसाला भीत?" धाकटीनें विचारलें.

"भीत नसत, बाळ. कोंवळीं पिकें, किडेमुंग्या पायांखालीं येऊं नयेत म्हणून थांबत. पावसाचा मान राखीत."

मग सर्वांनीं दाराशीं बसून घटकाभर पाऊस पाहिला. लोणावळें त्या दिवशीं राहिलें. त्याची हळहळ मात्र कोणास वाटली नाहीं.