गावाकडची वाट आणि जीपचे शॉकअप

बेळगावहून निघालं की पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून आपण जांबोटीकडे वळतो. किणये मागे पडतं, झाडी दाट होत जाते. पुढे कणकुंबी, मलप्रभेच्या उगमाचं गाव. मलप्रभा इथून पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, तर ह्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. बहुतेक गाड्या चोर्ला घाट उतरून साखळीला जातात. आमची जीप मात्र जांबोटीनंतर एका फाट्यावर आत वळते. तिथून आमचं मूळ घर ७ किलोमीटर. डांबर थोडंच, मग लाल चिखल, जांभ्या दगडाचे चढ आणि दोन ओढे.

घरचा गणपती ह्याच घरात बसतो. त्यामुळे ऐन भाद्रपदात, भर पावसात ही वाट आम्हाला चुकत नाही.

जीप वडिलांची, चारही चाकांना पाटे असलेली जुनी महिंद्रा. गेल्या वर्षी तिच्या शॉकअपमधून तेल गळू लागलं. जंगलात गाड्या घालणाऱ्या मित्रांना विचारलं. सगळ्यांचं एकच मत: हेवी ड्युटी घे, जेवढे कडक तेवढे चांगले. मीही दुकानातले सर्वांत महागडे, लांब आणि कडक शॉकअप बसवून घेतले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघालो. आई ७४ वर्षांची, कंबरेचं जुनं दुखणं. ती पुढे माझ्या शेजारी बसली होती. डांबर संपलं आणि जीप प्रत्येक दगडावर उडू लागली. ओढ्यापलीकडच्या चढावर तर चाकं दगडाला टेकतच नव्हती. आई काही बोलली नाही, फक्त दांडा घट्ट धरून बसली. आरतीला ती उभी राहू शकली नाही. परतताना म्हणाली, "पुढच्या वर्षी मी नाही येत रे. माझा नमस्कार तूच सांग गणपतीला."

ते शब्द वर्षभर डोक्यात राहिले. शेवटी उद्यमबागेतल्या एका जुन्या मेकॅनिक मामांकडे गेलो. उद्यमबाग म्हणजे फाउंड्री आणि हायड्रॉलिकच्या कामांची वसाहत, आणि मामांची उमेदीची वर्षं हायड्रॉलिकच्या कारखान्यात गेलेली. त्यांनी जीपखाली नजर टाकली आणि विचारलं, "गाडीत बसतंय कोण? ते सांग की पहिल्यांदा."

मी म्हटलं, "आई. आणि चार माणसं, थोडं सामान."

"मग हे दगड कशाला बांधून घेतलास?"

मामांनी समजावलं ते असं. गाडीचं वजन पाटे पेलतात, शॉकअप नाही. शॉकअप म्हणजे तेलात सरकणारा दट्ट्या. बारीक छिद्रांतून तेल ढकलताना तो पाट्याची उसळी जिरवतो. तो फार कडक असला तर चाक दगडाच्या आकाराप्रमाणे वरखाली होत नाही, सगळी गाडीच उचलली जाते. फार मऊ असला तर गाडी होडीसारखी डुलत राहते. खराब रस्त्यावर सतत हालचाल होऊन तेल तापतं, फेसाळतं आणि शॉकअपचा जोर जातो. म्हणून आमच्या वाटेसाठी नायट्रोजन भरलेला, पण मध्यम कडकपणाचा शॉकअप त्यांनी सुचवला. वायूच्या दाबामुळे तेल सहसा फेसाळत नाही.

मग त्यांनी टेप काढला. चाक पूर्ण वर दाबलेलं असताना आणि पूर्ण खाली लोंबत असताना, दोन्ही वेळी वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत माप घेतलं. माझे शॉकअप लांब होते. गाडी उंच केलेलीच नव्हती, त्यामुळे चाक वर आलं की रबरी ठोकळ्याला पाटा टेकायच्या आधीच शॉकअपचा तळ लागत होता. आईच्या कंबरेला बसलेले मोठे हिसके ते हेच. उलट शॉकअप आखूड पडला, तर चाक खाली जाताना सगळा ताण त्याच्यावर येऊन तो किंवा त्याची पकड तुटते.

नवे घेण्याआधी मामांनी गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे सोडवून साफ केले, झिजलेले बुश बदलले. "पाटेच हलत नसतील तर शॉकअप काय करणार?" शॉकअप पुढचे दोन आणि मागचे दोन, असे जोडीनेच बदलले. रबरी बुशचे बोल्ट शेवटी आवळले, तेही गाडी चाकांवर उभी करून. जॅकवर असतानाच आवळले तर रबर पिळलं जाऊन लवकर फाटतं.

हे सगळं मिळून माझ्या आधीच्या महागड्या जोड्यांपेक्षा स्वस्तात झालं.

यंदा आईला फार आग्रह केला नाही. "जांबोटीपर्यंत चल, त्रास झाला तर परत फिरू," एवढंच म्हणालो. फाट्यावर टायरमधली हवा थोडी कमी केली आणि पहिल्या गियरमध्ये सावकाश निघालो. जीप हलत होती, पण उडत नव्हती. दुसरा ओढा ओलांडून चढ चढलो, तेव्हा आईचा हात दांड्यावर नव्हता. मांडीवरचा कुंद्याचा डबा सांभाळत ती खिडकीतून भातशेती बघत होती.

अंगणात ती स्वतःच उतरली. काकूंना म्हणाली, "यंदा रस्ता चांगला केलाय गं पंचायतीने."

रस्त्यावर खडीची एक पाटीसुद्धा पडलेली नव्हती. मी काही बोललो नाही. आरतीला आई पहिल्या रांगेत उभी होती.